बांगलादेशनं संत्र्यावर ड्यूटी वाढवली हे व्यापाऱ्याला आधी कळते, आपल्याला का नाही?

काटोलरोड_४४०

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहून राहिलो, तर्री पोहे घेऊन बसा.

मी नागपुरात नोकरी करतो, मिहानमध्ये. आईबाबा गावी असतात, काटोलच्या पुढे, साडेतीनशे झाडं आहेत संत्र्याची. गोष्ट २०२३ ची आहे पण डोक्यातून जात नाही म्हणून आज लिहितो. पोळा नुकताच झाला होता अन् आंबिया बहाराच्या, म्हणजे थंडीत फुलून दिवाळीकडे निघणाऱ्या संत्र्याच्या, बागांचे सौदे सुरू झाले होते. आमचा दरवर्षीचा व्यापारी आला, बागेत दोन चकरा मारल्या, एक फळ तोडलं, नखानं साल खरवडली, वास घेतला, अन् उक्त्या बागेचा, म्हणजे झाडावरच्या सगळ्या फळाचा एकरकमी, असा भाव सांगितला की आईनं चहा टाकला होता तो गॅस बंद केला. बाबा म्हणाले, मागच्या साली याच्या दीडपट दिले होते ना बाप्पा. तर तो म्हणते, काका बांगलादेशनं ड्यूटी वाढवली, तिकडे माल उतरवायचा कर, २०१९ ला किलोमागं २० रुपये होता तो आता ८८ झाला, माल तिकडे जाऊनच नाही राहिला तर मी तुम्हाला कुठून देऊ.

बाबांना वाटलं नेहमीचं रडगाणं. मला फोन केला, पाह्य बरं मोबाइलवर, खरं बोलून राहिला का फेकून राहिला. मी लंच ब्रेकमध्ये अर्धा तास शोधलं. 'बांगलादेश संत्रा' टाकलं तर आधी संत्रा बर्फीची दुकानं आली, मग त्याच आठवड्यात आशिया कपमध्ये बांगलादेशनं आपल्याला ६ रनांनी हरवलं होतं त्याच्या पन्नास बातम्या, मग एका बाईचा ढाका फिरायला गेल्याचा व्हिडिओ. बाबांना म्हटलं काही दिसत नाही, थांबा. माझ्या शब्दावर थांबले. दसऱ्याला तीच बाग अजून खाली गेली, तोच व्यापारी घेऊन गेला, इसार पण हात आखडून दिला. किती नुकसान झालं ते नाही लिहीत, पण तेवढ्यात एक जुनी स्प्लेंडर आली असती, वरून पेट्रोल पण.

आता मला जे टोचते ते सांगतो. त्याच ऑक्टोबरमध्ये गाझाची लढाई सुरू झाली अन् मी ऑफिसच्या कँटीनमध्ये पोरांना आयर्न डोम रॉकेट कसं पाडते हे हात हलवून समजावून सांगत होतो. कुठून कळलं मला? फोननं सांगितलं, न विचारता. अन् ज्या बातमीवर माझ्या घरचं साल अवलंबून होतं ती अर्धा तास विचारूनही नाही सांगितली. ड्यूटीची बातमी आमच्या घरी येणाऱ्या पेपरात मोठी कधी झाली, तर राज्य सरकारनं निर्यातीवर अनुदान जाहीर केलं तेव्हा. तोपर्यंत बाग रिकामी. अन् ते अनुदान पण निर्यातदाराला.

मी नंतर त्या व्यापाऱ्यालाच विचारलं की भाऊ तुला कधी कळलं. म्हणते बंगालमध्ये पेट्रापोल बॉर्डरवर गाडी उभी होती, ड्रायव्हरचा फोन आला, मग तिकडच्या पार्टीनं व्हॉइस नोट टाकली. ना पेपर ना चॅनेल.

तर विचारायचं हे की तुम्ही लोक बाहेर देशातली कामाची बातमी कुठून घेता? पैसे भरून काही वाचता का? का ही गोष्ट आपल्यासारख्यांना कळायसाठी बनलेलीच नाही?

---

धरमपेठ_कट्टा

वाईट वाटलं वाचून, पण स्पष्ट बोलतो. माहिती होती, तू शोधली चुकीच्या जागी अन् चुकीच्या भाषेत. ढाक्याचा 'डेली स्टार' इंग्रजीत आहे, 'प्रथम आलो' बंगालीत आहे आणि ब्राउझर आता बंगालीचं बऱ्यापैकी भाषांतर करून देतो. बांगलादेशचं आर्थिक वर्ष जुलैला सुरू होतं, बजेट जूनमध्ये येतं, म्हणजे असल्या गोष्टींवर नजर ठेवायची तर जूनमध्ये ठेवायची, पोळ्याला नाही. एक अलर्ट लावून ठेव इंग्रजी शब्दांत, फळं, इम्पोर्ट ड्यूटी, बांगलादेश, रोज सकाळी मेल येईल, एक रुपया लागत नाही.

आणि ते 'आपल्यासारख्यांसाठी बनलेलंच नाही' वगैरे राहू दे. आठवतं का, फेसबुक ठराविक साइट फुकट देणार होतं, फ्री बेसिक्स, बाकीच्या इंटरनेटला पैसे. किती जणांनी ट्रायला, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेला, मेल पाठवले, मी पण पाठवला होता, आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं असे वेगवेगळे दर लावणं बंदच केलं. म्हणजे अख्खं इंटरनेट मिळालं आपल्याला, भांडून मिळालं. आता त्यात आपण रील बघतो तर दोष कोणाचा?

---

काटोलरोड_४४०

दादा अलर्ट लावला, थँक्यू. पण 'इम्पोर्ट ड्यूटी' हा शब्द बाबांनी कुठून आणावा ते सांगा. मला पण तो व्यापारी बोलला तेव्हा समजला. काय शोधायचं ते आधी माहीत असलं तरच सापडते, अन् ते आधी कोण सांगते तर ज्याला आपला माल स्वस्तात पाहिजे तो. अन् रील मी पाहतो, बाबा नाही पाहत, बाबा पेपर वाचतात, शेवटच्या पानापर्यंत, टेंडरच्या जाहिरातीसकट.

---

इतवारीचा_मुनीम

नातवाच्या मोबाइलवर बोलून टाइप करतो, शब्द इकडचे तिकडे झाले तर सांभाळून घ्या. वय ७१. कापसाच्या गादीवर, म्हणजे व्यापाऱ्याच्या पेढीवर, मुनीम होतो सदतीस वर्षं.

बाळा, तुझ्या बाबांसोबत झालं ते आजचं नाही. बातमीचा धंदाच मुळी भावापासून सुरू झाला. रॉयटर नावाचा माणूस, ज्याची एजन्सी आज जगभर बातम्या पुरवते, त्यानं १८५० ला जर्मनीतल्या आखेनपासून ब्रुसेल्सपर्यंत कबुतरं उडवली, कशासाठी, तर शेअरबाजाराचे भाव पोचवायला. तेवढ्या पट्ट्यात तार टाकलेली नव्हती. पुढच्याच वर्षी लंडनला ऑफिस उघडलं. राजे मेले, लढाया झाल्या, हे सगळं पोचवणं नंतरचं. पहिलं गिऱ्हाईक व्यापारी.

आता आपल्या कापसाचं ऐका. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी चालली होती, तिकडचा कापूस इंग्लंडात लिव्हरपूलला जाणं बंद पडलं आणि गिरणीवाल्यांची नजर आपल्यावर आली. हिंगणघाटचा कापूस तर तिकडे नावानं ओळखला जायचा. मुंबईत प्रेमचंद रायचंद हा त्यातला राजा. सांगतात की विलायतेचं जहाज बंदराला लागायच्या आधीच त्याची माणसं होडी घेऊन समुद्रात पुढं जायची आणि लिव्हरपूलचा भाव घेऊन यायची. बाकी बाजाराला जहाज लागल्यावर कळायचं. मधल्या वेळात हा खरेदी उरकून मोकळा! पण १८६५ ला लढाई संपली, भाव असा कोसळला की मुंबईतल्या बँका बुडाल्या अन् त्यांच्यासोबत हाही. म्हणजे आधी कळलेला वाचतोच असंही नाही. आणि हिंगणघाटच्या कास्तकाराला हे सगळं कोणी सांगितलं असेल? नागपूरला रेल्वे आली तीच १८६७ ला.

१८७० ला मुंबईहून एडन, सुएझवरून समुद्राखालची तार जोडली गेली, तासांत बातमी यायला लागली. आणि बघा गंमत, त्याच साली रॉयटर, फ्रान्सची हावास आणि जर्मनीची वोल्फ या तिघांनी कागदावर जग वाटून घेतलं की कोणी कुठल्या देशात बातमी विकायची. आपण इंग्रजांचे, आपण रॉयटरच्या वाट्याला गेलो. पीटीआय या आपल्या देशी एजन्सीनं कारभार १९४९ ला सुरू केला तोपर्यंत बाहेरचं जग आपण त्यांच्याच डोळ्यानं पाहिलं.

सत्तरच्या दशकात याच्यावर फार ओरडा झाला. अलिप्त देशांनी आपला वेगळा न्यूज पूल काढला, युनेस्कोनं मॅकब्राइड म्हणून आयर्लंडचा मोठा माणूस होता त्याच्या हाताखाली कमिशन बसवलं, १९८० ला त्याचा अहवाल आला की बातमी श्रीमंत देशाकडून गरीब देशाकडे एकाच बाजूनं वाहते. अमेरिका १९८४ ला युनेस्कोतून बाहेर पडली त्यात हाही एक राग होता. पण आपणही काही सोवळे नव्हतो हो. त्याच काळात इथं आणीबाणी, पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार, समाचार भारती या चारही एजन्स्या १९७६ ला एकत्र कोंबून 'समाचार' नावाची एकच केली होती. जगाला सांगायचं आमचं ऐकू येत नाही, अन् घरात सगळ्यांच्या तोंडावर हात.

आमच्या गादीवरचं सांगतो. मुंबईला लाइटनिंग कॉल, म्हणजे सगळ्यात तातडीचा फोन, लावायचो, साध्या ट्रंककॉलच्या आठपट पैसे. शेठ फोन कानाला लावला की पहिले तोंडात पान टाकायचा. मला वाटायचं शौक आहे. नंतर कळलं, समोर कास्तकार बसलेला असायचा, भाव चढला की माणसाचा चेहरा बदलतो, पान असलं की बदललेला दिसत नाही. फोनवर फक्त हूं, हूं. फोन ठेवून पिचकारी टाकून मग म्हणायचा, काही विशेष नाही, बोला.

आता न्यूयॉर्कचा कापूस वायदा नातू मला मोबाइलवर दाखवतो, फुकट, पण दहा-पंधरा मिनिटं शिळा. ताजा पाहिजे तर पैसे मोजा. ब्लूमबर्गची मशीन असते म्हणतात, वर्षाला २० हजार डॉलरच्या वर भाडं. होडी तीच आहे बाळा.

---

नरखेडचा_पोट्टा

मुनीमकाका मानलं तुमाले, पानाची गोष्ट तं माह्या बापाले वाचून दाखोली, तो हासलाच नाही, म्हने खरं हाये.

पन माह्यं वेगळं म्हननं हाये. कयलं असतं तरी काय केलं असतं भाऊ? समजा जूनमध्येच तुले मेल आला का ड्यूटी वाढली. मंग? झाडावरचं संत्रं थांबते काय? रंग धरला का तोडाच लागते नाही तं गळ लागते. कोल्ड स्टोरेज माह्यापाशी नाही, कोलकात्याले ओयख नाही, गाडी भराले पैसे नाही, नागपूरच्या कळमना मार्केटले नेलं तं आवक पाहून तेच भाव पाडतेत. व्यापाऱ्याले बातमी कयली तं तो भाव कमी करू शकते. मले कयली तं मी रातभर जागू शकतो, एवढंच.

अन् दुसरं, मोबाइलवर येते ते काय सगळं खरं असते का? मागं आमच्या ग्रुपवर मेसेज फिरला, बांगलादेशनं ड्यूटी झिरो केली, संगं व्हिडिओ, ट्रकाची ही मोठी लाइन बॉर्डर पार करून रायली. गावातले सात-आठ जनं थांबले, सौदा मोडला. मीबी थांबलो. आठ दिवसानं माह्या लहान्या भावानं तो व्हिडिओ मोठा करून पाह्यला तं ट्रकावर कांद्याचे पोते! कांद्याचे राजेहो! जन्मभर संत्रा भरनारे आमी लोकं, आमाले पेटी अन् पोतं यातला फरक नाही दिसला. दिसला नाही का पाहाचा नव्हता कोनाले माहीत.

---

अभ्यासिका_३२

एमपीएससी करतोय, सीताबर्डीजवळ एका अभ्यासिकेत बसतो, अर्थशास्त्र वाचताना यातलं बरंच आलं होतं म्हणून लिहितो, उद्याचं वाचन गेलं खड्ड्यात.

नरखेडवाल्या भाऊंचा मुद्दा लय महत्त्वाचा आहे. केरळमध्ये १९९७ पासून किनाऱ्यावर मोबाइलचे टॉवर आले, कासरगोड, कन्नूर, कोझिकोड पट्ट्यात. रॉबर्ट जेन्सन नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं तिथल्या मासळी बाजारांचे आकडे टॉवर यायच्या आधीपासून गोळा केले होते, २००७ ला छापले. आधी काय व्हायचं, एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून मासे समुद्रात फेकायचे आणि पंधरा किलोमीटरवरच्या बंदरावर गिऱ्हाईक हात हलवत परत जायचं, दोघांनाही पत्ता नाही. एकाच सकाळी बडगरा बंदरावर ११ कोळ्यांनी असे मासे फेकल्याची नोंद आहे त्यात. फोन आल्यावर कोळी समुद्रातूनच फोन करून भाव विचारायला लागले. पकडलेल्या मासळीतली ५ ते ८ टक्के वाया जायची ती जवळपास शून्यावर आली, कोळ्यांचा नफा ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्के स्वस्त पडली. दोघांचाही फायदा, असं फार कमी वेळा होतं.

हे वाचून सगळ्यांना वाटलं झालं, शेतकऱ्याला फोनवर भाव द्या की प्रश्न सुटला. मग रॉयटर्सनंच, मुनीमकाका ऐका, तुमच्या कबुतरवाल्याच्याच कंपनीनं, २००७ ला महाराष्ट्रात एसएमएसवर भाव आणि हवामान द्यायची सेवा काढली. फाफशाँ आणि मिंटेन या दोघांनी महाराष्ट्रातल्या १०० गावांत ती तपासली, काही गावांतल्या शेतकऱ्यांना वर्षभर फुकट दिली, काहींना नाही. २०१२ ला निष्कर्ष छापला, शेतकऱ्याला मिळालेल्या भावात सरासरी म्हणावा असा फरक सापडलाच नाही.

का, तर माझ्या समजुतीप्रमाणे कोळ्याच्या हातात होडीचं सुकाणू होतं, फोन ठेवला की दुसऱ्या बंदराकडे वळवलं. आपला उक्त्या बागेचा सौदा कुठं वळवणार? फळ उभ्या झाडावर विकलं, इसार घेतला, तोडणी त्याची, गाडी त्याची. म्हणून मला वाटतं काटोलरोडनं स्वतःला एवढं दोषी धरू नये. अर्थात थांबायचा सल्ला दिला तो दिलाच.

---

काटोलरोड_४४०

शेवटचं वाक्य गरजेचं होतं का बे 😅

---

मानेवाडा_ताई

सगळे ढाका, लिव्हरपूल फिरून आले, मी जरा तहसिलाच्या पायरीवर आणते तुम्हाला.

माझ्या सासऱ्यांची उमरेडकडे शेती. अतिवृष्टीच्या मदतीच्या यादीत नाव आलं नाही, शेजारच्याचं आलं, बांधाला बांध लागून. यादी कशी झाली, पंचनामा कोणी केला, एवढंच पाहिजे होतं. एका सरकारी ऑफिसात माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, ते चिकटवायला तिथं डिंक नव्हता, बाहेरच्या झेरॉक्सवाल्यानं भाताचं शीत दिलं, खरं सांगते, त्याच्या डब्यातलं. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत अन् एकाच विषयावर लिहावा लागतो, ते मी तीनदा खोडून लिहिलं. ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, एकोणतिसाव्या दिवशी आलं. एक ओळ. 'सदर माहिती मागणी केलेल्या स्वरूपात उपलब्ध नाही.' मग वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील, सुनावणीला गेले तर साहेब म्हणाले, मॅडम तुम्ही शिकलेल्या दिसता, कशाला या भानगडीत. आता दुसरं अपील आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे आहे. वाट बघतेय.

कायद्यात कलम ४ आहे, की अशा याद्या, खर्च, निर्णय हे कोणी मागायच्या आधी ऑफिसनं स्वतःहून जाहीर करायचे. २००५ चा कायदा आहे हा, आणि महाराष्ट्रात तर त्याच्या आधीपासून राज्याचा होता, अण्णांच्या उपोषणाचा काळ आठवत असेल. स्वीडननं असा कायदा १७६६ ला केला होता. म्हणजे आपल्याकडे पेशवाई होती तेव्हा तिकडे साधा माणूस सरकारी कागद मागू शकत होता.

त्यामुळे धरमपेठ दादा, सगळी माहिती फुकट पडलेली आहे हे नका सांगू. बांगलादेशची ड्यूटी ढाक्याच्या वेबसाइटवर सापडेल एखादवेळी, माझ्या सासऱ्यांचा पंचनामा नाही सापडत, तो वीस किलोमीटरवर एका गोदरेजच्या कपाटात आहे, मी कपाट पाहिलंय, हिरवं आहे, वर मळकं टेबलफॅन ठेवलेलं.

---

बुटीबोरी१५६६

माझ्या नावाचा अर्थ कोणीच विचारत नाही म्हणून सांगूनच टाकतो. १८ मे १९८८ ला आकाशवाणीचं नॅशनल चॅनेल सुरू झालं, १५६६ किलोहर्ट्झ, ट्रान्समीटर आपल्या बुटीबोरीला, एक हजार किलोवॅट. नागपूर देशाच्या मधोमध म्हणून इथं. संध्याकाळी सुरू व्हायचं, रात्रभर चालायचं, देशात कुठंही लागायचं, अन् युरोपातले हौशी लोक थंडीच्या रात्री जागून ते पकडायचे अन् ऐकलं म्हणून आकाशवाणीला पत्र पाठवायचे. मी तिथं नोकरीला नव्हतो, नुसता वेडा होतो. सायकलनं जाऊन मनोरे पाहून यायचो. आता ते चॅनेल बंद झालं. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह पण ३१ जानेवारी २०२० ला बंद. आमचे वडील त्यावर घड्याळ लावायचे.

जुनं ते सोनं म्हणत नाही, रेडिओवर सरकारला पाहिजे तेच लागायचं हेही खरं. पण एक होतं, गावात पानठेल्यावर एक रेडिओ लागायचा अन् दहा जण तीच बातमी ऐकायचे, त्यातला एक तरी म्हणायचा हट, हे काही पटत नाही. आता दहा फोनवर दहा वेगळ्या बातम्या, हट म्हणायला कोणी शेजारी नाही. नरखेडच्या भावाचं कांद्याचं पोतं असंच सुटलं असेल नजरेतून. तिथं तरी सौद्यावर भागलं. धुळ्याकडे राईनपाड्याला १ जुलै २०१८ ला पाच जणांना पोरं पळवणारे समजून गावानं मारून टाकलं, भिक्षेकरी भटके लोक होते ते, मोबाइलवर अफवा फिरून राहिली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच चॅटला फॉरवर्ड करायची मर्यादा घातली.

बाकी बाजारभाव रेडिओवर सांगायचे तेव्हा आम्ही पोरं कंटाळायचो. आवक इतकी, भाव इतका ते इतका. 'इतका ते इतका' म्हणजे काय हे मला नोकरी लागल्यावर कळलं, वरचा भाव पेपरात छापायसाठी अन् खालचा आपल्याला द्यायसाठी.

---

धरमपेठ_कट्टा

ताई, शीताची गोष्ट वाचून गप्प बसलो. 'सगळी' नाही म्हणायला पाहिजे होतं मी. तरी अलर्ट लावावाच या मतावर ठाम आहे. फुकट आहे ते तरी घ्या.

काटोलरोड, बाबांना इंग्रजी-बंगाली जमत नाही मान्य, तुला जमतं ना? गावात संत्रेवाले किती घरं आहेत? तू एकटा वाचून आठवड्याला मराठीत चार ओळी टाकल्या ग्रुपवर तरी पन्नास घरांना कळेल. बातमी खोटी असली तर तुझं नाव खाली आहे, लोक तुझ्या घरी येतील. त्या कांद्याच्या व्हिडिओखाली नाव कोणाचं होतं?

---

नरखेडचा_पोट्टा

कोनाचंच नाही. 'जास्तीत जास्त शेतकऱ्यांपर्यंत पोचवा' एवढंच होतं.

---

काटोलरोड_४४०

मंडळी, अपडेट देतो.

रविवारी गावी गेलो होतो. व्यापारी आलाच होता मृग बहार, म्हणजे पावसाळ्यात फुलणारं संत्रं, पाहायला. म्हटलं भाऊ, तू त्या बॉर्डरवाल्या ग्रुपमध्ये आहेस ना, मला घे त्यात. मला वाटलं टाळेल. हसला, म्हणे घे बाप्पा, त्यात काय, अन् तिथंच बांधावर उभ्या उभ्या ॲड केलं. बाबा माझ्याकडे असे पाहून राहिले की जसं मी दहावीचा निकाल आणला.

दोनशेच्या वर मेंबर आहेत. पेट्रापोलच्या समोरचं तिकडचं बेनापोल, कोलकाता, वरुड, कुठले कुठले. दिवसाला तीस-चाळीस मेसेज. फोटो येतात, काट्याच्या पावत्या, गाडी नंबर, सडक्या पेट्या. पण भावाचं, ड्यूटीचं जे काही असते ते सगळं व्हॉइस नोटमध्ये, अन् ते पण बंगालीत, अन् इतक्या फास्ट की मला फक्त 'कोमला' अन् 'टाका' कळते. लिहिलेलं असतं तर भाषांतर टाकून पाहिलं असतं, बोललेल्याचं ॲपनं एकदा करून दिलं तर 'मामाची गाडी पाण्यात आहे' असं आलं. रात्री बाबांनी फोन केला, काय म्हणते बांगलादेश? म्हटलं मामाची गाडी पाण्यात आहे.

धरमपेठ दादा, आठवड्याच्या चार ओळींचं चालू करतो, नावासकट. पण आधी एक मदत करा कोणीतरी. बंगाली समजणारं आहे का ओळखीत?

---

मानेवाडा_ताई

माझी धंतोलीतली मैत्रीण बंगाली आहे, शाळेपासूनची, मराठी माझ्यापेक्षा चांगली बोलते. विचारलं तिला. म्हणाली व्हॉइस नोट पाठव, पण पेटीभर संत्रे लागतील, आंबियाचे, मृगाचे नको.